डासांचं क्रीम किती टक्क्यांचं घ्यायचं? (सोसायटी ग्रुप)

*बी-६०४:* मंडळी, एक विचारायचं होतं. डी विंगमध्ये डेंग्यूचे दोन पेशंट झालेत, म्हणून काळजी वाटतेय. भाच्याने अमेरिकेहून डासांचा स्प्रे आणलाय, त्यावर डीट ९८% असं छापलंय. लेक चार वर्षांची आहे, संध्याकाळी बागेत खेळते. जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं ना?

*सी-१०१:* एवढं कडक असेल तर डास जवळसुद्धा फिरकणार नाही 👍

*ए-२०२:* ताई, थांबा. तिला तो लावू नका. मी फार्मसी शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

डीट म्हणजे डासांना दूर ठेवणारं रसायन. त्याचे टक्के वाढले की औषध जास्त वेळ टिकतं, डास जास्त घाबरतो असं नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००२ साली एक चाचणी छापून आली होती. औषध लावलेला हात डासांच्या पिंजऱ्यात घालायचा आणि पहिला डास कधी चावतो ते बघायचं. ४.७५% डीट साधारण दीड तास टिकलं, जवळपास २४% वालं पाच तास. ५०% च्या पुढे मात्र वेळ फारसा वाढत नाही. त्यामुळे ९८% मध्ये त्वचेवर रसायन तेवढं जास्त बसतं, पदरात काही पडत नाही. मुलांसाठी ३०% च्या वर जायचं नाही, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञच सांगतात. तासाभराच्या खेळाला १०% पुरेसं आहे.

*बी-६०४:* बरं झालं विचारलं 🙏 मग आपलं नेहमीचं क्रीम?

*ए-२०२:* चालेल. त्यात बहुतेक वेळा डायइथिल बेंझामाइड असतं, ते डीट नव्हे. त्यामुळे दोन्हींचे टक्के एकमेकांशी ताडून बघू नका, ट्यूबवर वय आणि वेळ काय लिहिलंय ते वाचा. आधी तुमच्या तळहातावर घ्या, मग तिच्या हातापायांना लावा. तिच्या तळव्यांना नको, हात तोंडात जातातच. डोळे, ओठ, खरचटलेली जागा टाळा. कपड्यांच्या आतही नको. घरी आल्यावर साबणाने धुवा.

*डी-३०३:* काकू, आमचं बाळ दीड महिन्याचं आहे 😟

*ए-२०२:* दोन महिन्यांच्या आत काहीच लावायचं नाही गं. पाळण्यावर मच्छरदाणी आणि अंगभर सुती कपडे. आणि दुपारच्या झोपेलाही जाळी हवीच! डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. आपण रात्रीची तयारी करतो आणि बाळ सकाळभर उघडं झोपतं, तिथेच चूक होते.

*सी-१०१:* सिट्रोनेला तेल लावलं तर? नैसर्गिक आहे.

*ए-२०२:* काका, ते पटकन उडून जातं, तासा-दोन तासांत पुन्हा लावावं लागतं. आणि नैसर्गिक तेलानेही लहान मुलांना पुरळ येऊ शकतं. लिंबू-निलगिरी तेलाचं औषध तर तीन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत. मनगटातले बँड त्याच चाचणीत पार निकामी ठरले होते, त्यावर पैसे घालवू नका.

*ए-५०१:* काकू, रविवारी हरिश्चंद्रगडला चाललोय, दिवसभर बाहेर. तो स्प्रे मी घेऊ का?

*ए-२०२:* तुला २०-३०% चा बास. घामाने उतरतो, पुन्हा लाव. सनस्क्रीन आधी, डास-औषध नंतर. आणि डीट प्लास्टिक खातं बरं का, चष्मा, घड्याळ, रेनकोट सांभाळ.

*सेक्रेटरी:* ताई, फार उपयोगी. सर्वांना विनंती: कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीतले डबे आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. नुसतं पाणी ओतून अंडी जात नाहीत, कडेला चिकटून राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शनिवारी सकाळी मी आणि वॉचमन गच्चीवर जातोय, आणखी कोण येतंय?

*ए-५०१:* मी येतो काका.

*बी-६०४:* मीही. झाकण नसलेली टाकी दाखवते.