पॉइंट टू टू पिस्तूल: रुगर, बक मार्क की व्हिक्टरी? (बजेट ५०० डॉलर, गोळ्यांसकट)

प्लॅनोकर:
मंडळी, गेले चार महिने ऑफिसातल्या एका मित्राबरोबर रेंजवर जातोय, त्याचंच नऊ एमएमचं पिस्तूल चालवतो. मजा येते, पण ५० गोळ्यांची पेटी दहा मिनिटांत फस्त आणि १४-१५ डॉलर गेले, लेनचं भाडं वेगळंच. त्यात बार उडायच्या आधीच माझे डोळे मिटतात आणि मनगट खाली जातं, मित्र म्हणतो ही सवय आधी पॉइंट टू टू वर (छोट्या, स्वस्त गोळीच्या पिस्तुलावर) मोड. दुकानात तीन हाताळली, रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनची व्हिक्टरी. मला तिन्ही सारखीच वाटली. २५ यार्डावर कागदाला भोकं पाडायचीत, बस्स. बजेट ५०० म्हणजे ५००, त्यात निदान हजार गोळ्या बसल्या पाहिजेत, बायकोला हा आकडा सांगून झालाय. टेक्सासात राहतो, ग्रीन कार्ड आहे.

जर्सीचा_जावई:
डोळे झाकून मार्क फोर घ्या. (म्हणजे घेताना झाका, चालवताना नको.) मागचं एक बटण दाबलं की पिस्तूल बिजागरीवर उघडतं, दोन मिनिटांत साफसफाई. हे घराणं १९४९ पासूनचं, पहिलं मॉडेल साडेसदतीस डॉलरला होतं. मी स्टेनलेसचं टार्गेट मॉडेल घेतलं, वर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवला, मग ट्रिगरही बदलून घेतला, सगळं मिळून साडेनऊशेच्या आत बसलं. तुम्ही टेक्सासवाले नशीबवान, इकडे प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट काढावं लागतं.

प्लॅनोकर:
साडेनऊशे?? बजेट वरती लिहिलंय हो.

जर्सीचा_जावई:
एकदाच घ्यायचं तर नीट घ्या ना राव.

खवट_पंत:
'पॉइंट टू टू' म्हणजे इंचाचा ०.२२ भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. ते लिहिलंत तर लोकांना कळेल तरी. बाकी चालू द्या.

सॉल्ट_लेकचा_सदू:
बक मार्क. ट्रिगर डब्यातून काढल्याकाढल्या लोण्यासारखा, वेगळा खर्च नाही. १९८५ पासूनचं डिझाइन आहे, आमच्या युटाचंच. एकच सांगतो, खोलून साफ करायला वरची पट्टी ॲलन कीनं काढावी लागते आणि स्क्रू परत लावताना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावायचं. मी आळस केला, स्क्रू नीट आवळलाच नाही, चौथ्या मॅगझिनला मागची साइट (नेम धरायची खाच) हलायला लागली आणि मी मात्र अर्धा तास स्वतःच्या श्वासाला दोष देत बसलो. स्क्रू पुढे घरी कार्पेटमध्ये गेला, तो व्हॅक्यूमच्या पिशवीत सापडला.

कांदेपोहे:
+१ मार्क फोर. एक बटण दाबलं की उघडतं. (वर कुणी लिहिलं असेल तर माफ करा, धागा पूर्ण वाचला नाही.)

माजी_कॅडेट:
आमच्या वेळी एनसीसीच्या कँपला पॉइंट टू टू रायफलच्या मोजून पाच गोळ्या मिळायच्या, पालथं पडून मारायच्या, आणि रिकामी केस मोजून परत द्यायच्या. एक कमी भरली तर सगळी तुकडी गवतात रांगत शोधायची. आता तुम्ही हजार-हजार गोळ्यांच्या गोष्टी करता, नेम कसा लागेल?

बे_एरिया_बाळ्या:
रुमाल टाकून ठेवतो. मलाही घ्यायचंय, पण एच वन व्हिसावर आहे. चालतं ना?

जर्सीचा_जावई:
चालतं, माझ्या रूममेटकडे होतं.

दोन_आणे_नेम:
अजिबात नाही!! एच वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूकही नाही आणि गोळ्याही नाहीत. चालू शिकारीचं लायसन्स असणं वगैरे अपवाद आहेत, पण त्या भरवशावर काही करण्याआधी वकिलाला विचारा. बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर हा प्रश्न असतोच, तिथे खोटं लिहिणं हा आणखी वेगळा गुन्हा. बाळ्या, कार्ड येऊ दे, पिस्तूल कुठे पळून जात नाही.

बे_एरिया_बाळ्या:
कार्ड येईपर्यंत माझेच हात थरथरायला लागतील. :(

दोन_आणे_नेम:
आता मूळ प्रश्नाकडे. मी बारा वर्षं बुल्सआय (कागदी लक्ष्यावरची पिस्तुलाची स्पर्धा) खेळतोय, एका हातानं, पन्नास आणि पंचवीस यार्ड. प्लॅनोकर, तिन्हींतलं कुठलंही तुमच्यापेक्षा चांगलं मारेल, त्यामुळे हातात जे बसेल ते घ्या. रुगरच्या नेहमीच्या मॉडेलची मूठ बरीच तिरकी असते, नऊ एमएमच्या सवयीनं उचललंत तर नळी वर बघते. त्यांचंच २२/४५ सरळ मुठीचं असतं, तेही एकदा धरून बघा. पण खरा फरक पडतो गोळ्यांनी. पॉइंट टू टू ची गोळी रिमफायर, म्हणजे ठिणगीचा मसाला केसच्या काठात पसरलेला असतो, तो एखाद्या जागी पोचला नसेल आणि पिन नेमकी तिथेच आदळली की नुसतं टक्. अशा वेळी नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबायचं, लगेच उघडायचं नाही. हजारांचा खोका आंधळेपणानं घेऊ नका, तीन-चार प्रकारच्या पन्नासच्या पेट्या आणा, तुमचं पिस्तूल कुठली न अडकता खातं ते बघा, मग खोका. माझं स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर, म्हणजे बेताच्या वेगाच्या गोळ्यांवर चालतं, वजन ४० ग्रेन, वेग सेकंदाला १०७० फूट. तुमचं कदाचित मिनी-मॅगसारखी जोरदारच मागेल. आणि रेंजवरून आल्यावर आधी थंड पाण्यानं साबण लावून हात, मग चहा. शिसं असतं.

सॉल्ट_लेकचा_सदू:
गोळ्यांबद्दल सहमत. मी एका कंपनीचा स्वस्तातला बल्क खोका घेतला होता, दर दुसऱ्या मॅगझिनला एक फुसकी. नाव घेत नाही, अजून दोनशे संपवायच्यात.

रंकाळा_रिटर्न्स:
आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं ते पॉइंट टू टू वरच. नेमबाजीत एशियाडचं सोनं आणणारी पहिली भारतीय बाई. नाद करायचा नाय. तिला विचारा कुठलं घ्यायचं ते.

खवट_पंत:
तिचं पिस्तूल यांच्या बजेटात बसेल का?

माजी_कॅडेट:
नुसता रिकामा ट्रिगर ओढायचा सराव करा, फुकट असतो.

दोन_आणे_नेम:
काका, बरोबर आहे, फक्त पॉइंट टू टू मध्ये जपून. काही मॉडेलांत रिकाम्या चेंबरवर पिन काठावर आदळून खाच पाडते. मॅन्युअल बघा, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत बसवायचे पिवळे छोटे प्लास्टिकचे अँकर मिळतात, ते चेंबरमध्ये घालून करा. शंभराचा डबा वर्षभर पुरतो.

कांदेपोहे:
व्हिक्टरीबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या साडूकडे आहे, एक स्क्रू काढला की नळी वेगळी होते. तो फारसा वापरत नाही.

प्लॅनोकर:
अपडेट. सगळ्यांचे आभार. काल दुकानात मार्क फोरच घ्यायला गेलो होतो, तर काचेच्या कपाटात खाली रुगरचंच जुनं मार्क टू दिसलं, साडेपाच इंची जाड नळी, निळा रंग कडांना उडालेला, दोन मॅगझिनं, २९० डॉलर. मूठ हातात अशी बसली की खाली ठेववेना. फॉर्म भरला, घेऊन आलो. उरलेल्या पैशात चार प्रकारच्या पेट्या आणि हजार-हजार गोळ्यांचे दोन खोके, वर जेवणही. आज पहिल्या दहापैकी सात कागदावरच्या काळ्या वर्तुळात!! डोळे फक्त दोनदा मिटले.

जर्सीचा_जावई:
अरेरे. तीन मॉडेलं विचारलीत आणि चौथंच घेतलंत. साफ करायला खोललंत की आठवण येईल माझी.

प्लॅनोकर:
आठवण आली. रात्रीचे साडेअकरा झालेत, डायनिंग टेबलावर पेपर पसरलाय, पिस्तूल जोडून झालंय पण बोल्ट अर्ध्यावरच अडतो, मागे येत नाही. बायको दोनदा येऊन बघून गेली. काय चुकलं?

दोन_आणे_नेम:
हॅमरची स्ट्रट (घोड्याला जोडलेली दांडी) मेनस्प्रिंगच्या वाटीत बसली नाही. जोर लावू नका. मागची पट्टी परत उघडा, आत ती छोटी दांडी लोंबकळत असेल, पिस्तूल थोडं कलवून ती वाटीत पडू द्या आणि मग पट्टी हळूच मिटा. मार्क थ्री असतं तर मधेमधे मॅगझिन घालत-काढतही बसावं लागलं असतं, त्या मानानं स्वस्तात सुटलात.

कांदेपोहे:
मार्क फोरला एक बटण असतं.

प्लॅनोकर:
बसलं!! सहाव्या वेळी. आता टेबलावर एक वॉशर उरलाय, तो पिस्तुलाचा आहे की मिक्सरचा?