नवा गोल शिक्का: साल कुठलं, चित्र कुठलं?

सेक्रेटरी: सोसायटीच्या नव्या शिक्क्याचं डिझाइन ग्रुपवर टाकलंय. गेट, बाग, पाण्याची टाकी, सोलर, कडुनिंब. हरकती रात्रीपर्यंत कळवा.

बी-२०४: रबरी शिक्का ना हा? एवढ्याशा गोलात पाच चित्रं? पॅडवर एकदा दाबला की सगळं गिचमीड.

सी-१०१ काका: न्यूयॉर्क शहराची मुद्रा बघा. गर्दी तिथेही आहे, पण उगाच काही नाही. ढालीवर पवनचक्कीची चार पाती फुलीसारखी, कारण गाव वसवलं डचांनी. पात्यांच्या मधे वर-खाली बीव्हर नावाचा केसाळ प्राणी, म्हणजे त्याच्या कातड्यांचा व्यापार. दोन्ही बाजूंना पिठाची पिंपं. सतराव्या शतकात काही काळ निर्यातीचं पीठ चाळून भरायचा मक्ता त्या शहराकडेच होता. ढालीच्या एका बाजूला धनुष्य घेतलेला तिथला मूळ रहिवासी, दुसऱ्या बाजूला खलाशी. त्याच्या हातात काय आहे? ओळंबा! दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजायचा. मी साइटवर तीस वर्षं काढली, शहराच्या मुद्रेवर ओळंबा बघून बरं वाटलं.

ए-३०२ काकू: आणि वर गरुड कशाला?

सी-१०१ काका: आधी तिथे मुकुट होता. इंग्रजांचं राज्य गेलं, मुकुट उतरला, गरुड बसला.

ए-३०२ काकू: मग आपल्या शिक्क्यावर बिल्डरची कमान अजून कशी? कन्व्हेयन्स होऊन, जागा सोसायटीच्या नावावर येऊन दोन वर्षं झाली!

सेक्रेटरी: नव्यात वगळलीय, काकू 🙏

ए-३०२ काकू: आणि साल चुकलंय. १९९४ नाही, आम्ही १९९१ ला राहायला आलो.

सी-१०१ काका: हा घोळ त्यांच्याकडेही झालाय. मुद्रेवर १६६४ होतं, इंग्रजांनी गाव डचांकडून घेतलं ते साल. १९७० च्या दशकात ते खोडून १६२५ केलं, डच वस्तीचं. आणि नगराचे हक्क मिळाले १६५३ ला, ते साल कुठेच नाही.

सेक्रेटरी: आपला शिक्का शेअर सर्टिफिकेटवर उठतो. नोंदणी क्रमांकाशेजारी नोंदणीचंच साल हवं. १९९४.

ए-३०२ काकू: म्हणजे तीन वर्षं आम्ही टँकरच्या रांगेत उभे होतो ते हिशेबातच नाही.

बी-२०४: पॅरिसचं चिन्ह मला आवडतं. एकच होडी. सेन नदीवरच्या नाविक व्यापाऱ्यांच्या संघाची मुद्रा होती, शहराने तीच उचलली. खाली लॅटिन ओळ आहे, अर्थ साधारण ‘हेलकावे खाते, पण बुडत नाही’.

डी-४०३: ती ओळ आपल्या पार्किंगला लावा, जुलैत उपयोगी पडेल.

सी-१०१ काका: वहिनी, पवनचक्कीवर कुठे साल लिहिलंय? तरी डच कळतातच. आपला कडुनिंब कोणी लावला?

ए-३०२ काकू: आमच्या ह्यांनी. ९१ च्या पावसाळ्यात, गेटचा पत्ता नव्हता तेव्हा.

सी-१०१ काका: मग मधे तोच ठेवा. गेट, टाकी, सोलर सगळं काढा. कडेने नाव, क्रमांक, १९९४.

बी-२०४: 👍

सेक्रेटरी: चालेल. फांद्या चार-पाचच काढायला सांगतो, नाहीतर शाईत फ्लॉवरचा गड्डा दिसेल.

ए-३०२ काकू: सांगा. परवा छाटणीवाले येऊन गेल्यापासून तेवढ्याच उरल्यात.