गेवराई साईडला ४ एकर, सोलर पंप घ्यावा का लाईटची वाट बघावी?

विहिरीवर लाईट नाहीच आपल्या, शेजारच्याकडून केबल ओढून भागवतो पण त्याला एक आठवडा दिवसा आन एक आठवडा रात्री लाईट, रात्री पाणी द्यायला जायचं म्हणजे साप-विंचू हायेतच. सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमधी फॉर्म भरू का? ढगाळ असलं की चालतो का हो?

मोसंबीवाला_जालना
भरून टाका भौ. २.५ ते ५ एकरला ५ एचपी बसतो, ओपनला १० टक्के भरायचे, एससी-एसटीला ५ टक्के, बाकी सरकारचं. ५ वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. फक्त सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लावून घ्या आधी, तिथंच लई जणांचं अडकतं. ढगाळात पाणी कमी फेकतो, पण आभाळ गच्च भरलंय तवा पाणी द्यायचंच कशाला?

औसेकर
७.५ एचपी पर्यंत लाईटबिल माफ हाय ना, २०२४ पासून, मग सोलर काहून?

मोसंबीवाला_जालना
बिल माफ हाय, पण डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की वर्गणी काढून पळा! सोलरला ती कटकट नाय. प्लेटा मात्र सकाळी ऊन तापायच्या आत धुवा, तापल्या काचेवर गार पाणी मारलं की तडकायची भीती.

परळीकर
माझं मत जरा वेगळं. फुकटात दिवसभर पंप चालला की लोकं मोकाट पाणी सोडतात, आपला खडक काळा, त्यात पाणी साठतंच किती? विजेसाठी जळणारा कोळसा वाचला पण मार्चमधी विहीर कोरडी. ठिबक करा सोबत.