मदत हवी आहे: १/७२ मी २६२ विमानाचं मॉडेल शेपटीवर बसतंय, नॅसेलची फट आणि रंगाचे प्रश्न

निळीघार
नमस्कार मंडळी,
मेसरश्मिट मी २६२ ए-१ए या जर्मन जेट लढाऊ विमानाचं प्लास्टिक किट १/७२ मापात (खऱ्याचा बहात्तरावा भाग) बांधतोय. मार्च १९४५ मधलं, जेजी ७ या जर्मन लढाऊ तुकडीचं विमान करायचं आहे. कॉकपिटचा टब आत घालून धड बंद केलंय. पंख जोडलेत, पण धडाला लावलेले नाहीत. नॅसेलचे (पंखाखालच्या इंजिनाच्या आवरणांचे) अर्धे भाग सुटे आहेत. नाकाचं टोक वेगळा भाग आहे, तेही अजून चिकटवलेलं नाही. मास्किंग टेपने सगळं जोडून पाहिलं तर मॉडेल सरळ शेपटीवर बसतं. सूचनापत्रात "नाकात वजन घाला" एवढंच लिहिलंय, किती ते नाही.

१. किती वजन, कुठे आणि कशाने चिकटवायचं?
२. नॅसेल पंखाखाली धरली की पुढच्या बाजूला साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि मागे पायरी येते. पुट्टी भरू का?
३. आरएलएम ८१/८२/७६ (जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगक्रमांक) रंगसंगती करायची आहे. बाजूचे ठिपके एअरब्रशने मारताना कोळ्याच्या पायांसारखे फुटतात. नोझल ०.३ मिमी, रंग टामिया अ‍ॅक्रिलिक.

कानस
पहिल्या प्रश्नाचं बोलतो, कारण तो आधी सुटला पाहिजे. पंख लागले की हात घालायला जागा उरत नाही.

खऱ्या विमानाच्या नाकात ३० मिमीच्या चार एमके १०८ तोफा आणि त्यांचा दारूगोळा होता, म्हणून तोल पुढे होता. किटमध्ये ते नाक पोकळ आणि शेपटीकडचं प्लास्टिक मात्र पूर्ण वजनाचं, त्यामुळे तीन चाकांच्या या विमानाचं जवळजवळ प्रत्येक किट मागे पडतं. टामियाच्या १/४८ किटमध्ये पुढच्या चाकाची खोबणच धातूची ओतीव देतात, ती याचसाठी.

वजनाचा आकडा ऐकीव घेऊ नका, मोजा. धड, पंख, नॅसेल, शेपटीचे आडवे पंख, कॅनॉपी, सगळं टेपने जोडा. पंखाखाली मागच्या चाकांचा आस जिथे येतो तिथे दोन्ही बाजूंना गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि मॉडेल त्यावर टेकवा. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत छर्रे घालून ती नाकाखाली टेपने चिकटवा आणि नाक खाली येईपर्यंत एकेक छर्रा वाढवा. एअरगनचा .१७७ बोअरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, त्यामुळे मोजणी सोपी. नाक खाली आलं की त्या वजनावर पाचवा हिस्सा आणखी घाला, कारण पुट्टी आणि रंगाचे थर शेपटीकडेही चढणार आहेत. या मापात ८ ते १२ ग्रॅमच्या आसपास लागेल.

त्याहून जास्त भरू नका. १/७२ ला पुढच्या चाकाचा पाय बारीक असतो. जादा शिसं भरलं तर उन्हाळ्यात शोकेसमध्ये तो हळूहळू वाकतो.

जागा: नाकाचं टोक सुटं आहे हे उत्तम. तिथून पुढच्या चाकाच्या खोबणीच्या वर, कॉकपिट टबच्या पुढे छर्रे सरकवा. तिथे मावलं नाही तर नॅसेलच्या तोंडाशी, कॉम्प्रेसरच्या चकतीमागे भरा. नॅसेलची तोंडं चाकाच्या आसाच्या पुढे आहेत, म्हणून तिथलं वजनही उपयोगी पडतं. फक्त आसापासूनचं अंतर नाकाच्या निम्मं असेल तर वजन दुप्पट लागेल. दोन्ही नॅसेलमध्ये सारखं भरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. शिसं फेविकॉलने चिकटवू नका. पांढऱ्या गोंदातून थोडं थोडं अ‍ॅसेटिक आम्ल सुटत राहतं. बंद पोकळीत ते शिशाला खातं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी पूड तयार होते. तिचं आकारमान मूळ शिशापेक्षा जास्त, त्यामुळे काही वर्षांनी धडाचा सांधा आतून उकलतो. बाहेरून काहीच दिसत नसतं आणि एके दिवशी नाकावर चीर येते. अरल्डाइट वापरा, किंवा एम-सील मळून त्यात छर्रे दाबा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि छर्रे घासायला अजिबात जाऊ नका.

साचेकाम
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अर्धा मिलिमीटर फट पुट्टीने भरायची नसते. पुट्टी वाळताना आकसते, जाड थर मधोमध खचतो आणि रंग दिल्यावर तिथे खोलगट रेघ दिसते. आधी फटीचं कारण शोधा. बहुतेक वेळा नॅसेलच्या वरच्या कडेवर साच्याची रेघ किंवा स्प्रूचा (किटचे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीचा) ठोंब शिल्लक असतो, तो पंखाला अडतो. सपाट काचेवर ४०० चा पॉलिश पेपर टेपने बसवून नॅसेलची जुळणीची कड दोन-चार वेळा हलकी फिरवा, लावून पाहा, पुन्हा फिरवा.

तरी फट राहिलीच तर ०.२५ मिमी जाडीच्या प्लास्टिक पत्र्याच्या पट्ट्या कापा. गरजेप्रमाणे एक किंवा दोन, फटीत सरकवा, वरून एक्स्ट्रा थिन सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदाचा) थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला भाग ब्लेडने तासा. पत्रा मिळत नसेल तर त्याच किटचा स्प्रू बारीक तुकडे करून सिमेंटमध्ये विरघळवा आणि तो लगदा भरा. तो प्लास्टिकच होऊन बसतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन-तीन दिवस द्या. लवकर घासला तर फट परत उघडते.

मागची पायरी वेगळी गोष्ट. तिथे मिस्टर सरफेसर ५०० (जाडसर द्रव प्रायमर) ब्रशने लावा, अर्ध्या तासाने कॉटन बड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून पुसत या. सांध्यात राहतं, आजूबाजूचं निघून जातं, घासावं लागत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी स्वस्त आहे, चालतेही, पण अगदी पातळ थरात आणि प्रायमरवर. थेट जाड लावली तर तिचं द्रावक पॉलिस्टायरीन मऊ करतं.

रंगपेटी
तिसऱ्याआधी एक गोष्ट, जी या विमानाच्या बाबतीत फार जण विसरतात. मी २६२ च्या पत्र्यांचे सांधे कारखान्यातच पुट्टीने भरून घासलेले असत. युद्धाच्या अखेरीस रंग न चढवलेल्या विमानांचे फोटो पाहा, उघड्या धातूवर सांध्यांच्या ओळीने पुट्टीचे पट्टे स्पष्ट दिसतात. म्हणून सगळ्या पॅनेल लाइन्समध्ये (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांत) काळा वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, भरून चौकोन-चौकोन उठवणं या विमानाला शोभत नाही. शिवाय किटवरची ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिमीची भेग होते.

मिस्टर सरफेसर १००० चे दोन पातळ हात ब्रशने द्या आणि २००० च्या पेपरने ओलं घासा, रेघ अंधुक उरेल एवढंच. खरोखर उघडणाऱ्या किंवा हलणाऱ्या जागा मात्र स्पष्ट ठेवा: एलेरॉन, फ्लॅप, पंखाच्या पुढच्या कडेचे स्लॅट, नाकावरची तोफांची दोन झाकणं, इंजिनाची आवरणं. वॉश फक्त तिथे, तोही गडद राखाडी. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल खेळण्यातून विमानात येतं.

ठिपके फुटण्याचं कारण सोपं आहे: रंग फार पातळ, किंवा त्या मानाने दाब जास्त, किंवा नोझल एका जागी फार वेळ. एक भाग रंग, दोन भाग थिनर, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर दोन-तीन सेंटिमीटर. आधी हवा सुरू करा, मग ट्रिगर अगदी किंचित मागे. एका ठिपक्यावर थांबू नका, तीन-चार फेऱ्यांत गडद करत न्या. उलट बारीक दाणे उडत असतील तर रंग जाड आहे किंवा सुईच्या टोकाशी वाळलाय. थिनरमध्ये भिजवलेल्या कॉटन बडने टोक पुसत राहा. टामियाच्या रंगात मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर वापरला तर टोक कमी वाळतं. मुंबई-कोकणात पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तीही याने कमी होते.

ठिपका २० ते ३० सेंटिमीटरचा धरला तर १/७२ ला तीन-चार मिलिमीटर. त्याहून मोठे झाले की विमानच छोटं वाटायला लागतं.

तयार रंग हवे असतील तर गुंझे कंपनीचे: ८१ साठी एच ४२१, ८२ साठी एच ४२२, ७६ साठी एच ४१७, कॉकपिटच्या ६६ साठी एच ४१६. ८१ ची छटा तपकिरीपासून ऑलिव्ह हिरव्यापर्यंत बदलत असे, त्यामुळे कुणी "चुकीचा रंग" म्हटलं तरी फार मनावर घेऊ नका.

निळीघार
सगळ्यांचे मनापासून आभार. वजन मोजलं: नाकात साडेनऊ ग्रॅमला खाली आलं, म्हणजे साडेअकरा भरतो. नॅसेलच्या कडेवर खरंच ठोंब होता.
आणखी दोन शंका. पंखाखाली आर४एम रॉकेटं लावायची आहेत, किटमध्ये नाहीत. आणि इंजिनाच्या तोंडात नुसता गुळगुळीत शंकू दिलाय, तिथे काय करता येईल?

साचेकाम
मार्च १९४५ म्हणजे रॉकेटं बरोबर बसतात. १८ मार्चला जेजी ७ ने ती बॉम्बर्सविरुद्ध वापरली. एका पंखाखाली १२, एकूण २४, नॅसेलच्या बाहेरच्या बाजूला, लाकडी रॅकवर. व्यास ५५ मिमी, लांबी साधारण ८१ सेंटिमीटर. म्हणजे ०.७५ मिमीची प्लास्टिक काडी, प्रत्येकी ११ मिमी. काडी ड्रिलमध्ये धरून टोक पेपरवर फिरवत निमुळतं करा. २४ च्या जागी ३० कापा, काही हरवतातच. रॅकवर पंखुड्या मिटलेल्या असतात, त्यामुळे मागच्या टोकाला बारीक खाचा पुरेत. सगळं पंखाचा रंग आणि डेकल (चिन्हांची चिकटचित्रं) झाल्यावर लावा, नाहीतर मास्किंग करताना मोडतील.

कानस
युमो ००४ या इंजिनाच्या तोंडातल्या शंकूत रीडेलचं छोटं दोन-स्ट्रोक स्टार्टर इंजिन होतं. टोकाला गोल भोक आणि त्यात दोरी ओढायची कडी. ०.५ मिमीच्या ड्रिलने टोकाला भोक पाडा. मऊ वायरीतली तांब्याची एक तार ०.५ मिमीच्या ड्रिल बिटाभोवती गुंडाळून कडी करा, फेविक्विकचा कण टूथपिकने लावून भोकात बसवा. मागचा एक्झॉस्टचा शंकू गडद धातूचा करा, कडेला तपकिरी-निळसर झाक द्या.

कॅनॉपीला मात्र फेविक्विक नको, वाफेने काच धुरकट होते. तिथे फेविकॉलच योग्य. आणि पंख चिकटवण्याआधी साडेअकरा ग्रॅम भरून पेन्सिलवर तोल पुन्हा एकदा तपासा. रॉकेटं चाकाच्या आसाच्या मागे गेली तर एखादा ग्रॅम वाढवावा लागेल.