दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना सोयापेंडीऐवजी काय द्यावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

यॉर्कशायर संकराची पिलं आहेत, वजन 8 ते 12 किलो. सहाव्या आठवड्यात आईपासून तोडतो. खुराक घरीच दळतो: मका, गव्हाचा कोंडा, सोयापेंड, थोडी सुकट, मिनरल मिक्श्चर. सोयापेंड वाढवली की पिलांना हगवण लागते, कमी केली की वाढ खुंटते. जंताचं औषध दिलंय. डॉक्टरांनी विष्ठाही तपासली, जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नाहीत. इतक्या कोवळ्या आतड्याला सोयाबीनची प्रथिनं सोसत नाहीत, असं त्यांचंही मत.

सुकट वाढवून पाहिली, पण आमच्याकडे मिळते त्यात मीठ आणि वाळू फार. शेंगदाणा पेंड पिलं आवडीने खातात, पण तिच्यात लायसिन (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) कमी आणि पावसाळ्यात अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, धास्ती. सरकी पेंड तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे नकोच. दूध पावडर परवडत नाही. हॉटेलचं उष्टं कृपया सुचवू नका, आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाचा धोका मला घ्यायचा नाही.

आता ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या वाळवलेल्या अळ्यांचा विचार करतोय. भाजीच्या कचऱ्यावर त्या घरीच वाढवता येतील. प्रथिनं साधारण 40 टक्के, पण चरबीही 30 टक्क्यांच्या आसपास असते, तीच मला खटकते.

एवढ्या लहान पिलांना कुणी या अळ्या प्रत्यक्ष दिल्या आहेत का? तेल न काढता दिल्या तर सोयापेंडीचा किती हिस्सा बदलता येतो, आणि लायसिन वरून किती घालावं लागतं?