मदत हवी आहे: एक्सोस्केलेटनवर (पायांना बांधायचा मोटरवाला सांगाडा) चालायचं ट्रेनिंग कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ बाईकवरून पडला, पाठीच्या कण्यात टी१० ला (छातीमागचा दहावा मणका) मज्जारज्जूची कम्प्लीट इंज्युरी, कमरेखाली काही जाणवत नाही पण हात आणि खांदे एकदम दणकट, व्हीलचेअर स्वतः चालवतो. आता त्याने रोबोटिक एक्सोस्केलेटनचे व्हिडिओ बघितलेत आणि डोक्यात तेच. मी जरा वाचलं, रीवॉक नावाच्या एक्सोस्केलेटनला अमेरिकेत २०१४ मध्ये एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणारी तिथली सरकारी संस्था) परवानगी मिळाली, घरी वापरायला टी७ ते एल५ (छातीमागचा सातवा ते कमरेचा पाचवा मणका) इंज्युरी वाल्यांसाठी, तेही सोबत ट्रेन केलेला माणूस पाहिजेच आणि हातात कुबड्या असतातच. व्हिडिओत ते नीट दाखवत नाहीत बरं का.

आमचे फिजिओ म्हणाले आधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करा, पाय वापरात नसले की हाडं ठिसूळ होतात, मशीनमध्ये पाऊल टाकताना फ्रॅक्चर होऊ शकतं. शिवाय त्याला उभं केलं की बीपी पडतो, टिल्ट टेबलवर (हळूहळू उभं करणारा पलंग) चेहरा पांढराफटक होतो, आणि डाव्या घोट्यात पाय सरळ टेकत नाही.

तर पुण्या-मुंबईकडे हे ट्रेनिंग कुठे मिळतं, सेशनला साधारण किती घेतात, मेडिक्लेममधून काही सुटतं का? स्पास्टिसिटी (स्नायू आपोआप ताठरणं) किंवा पोट साफ होण्यात खरंच फरक पडला का? पट्ट्यांनी घासून जखमा झाल्या का, त्याला तर कळणारच नाही. एका सेंटरवाल्याने सरळ "सहा महिन्यात चालेल" म्हणून पॅकेजच गळ्यात मारायला घेतलं, म्हणून विचारतोय. स्वतः वापरलेल्यांनी सांगा प्लीज.