घराजवळच्या बर्गरच्या दुकानात नोकरी, आणि काउंटरवर सगळे ओळखीचे

कॉलेजरोडकर:
नाशिकला कॉलेज रोडवर एका बर्गर चेनमध्ये पार्ट टाइम क्रू म्हणून निवड झाली आहे. घरापासून चालत आठ मिनिटं. संध्याकाळी ५ ते रात्री ११, आठवड्यातून पाच दिवस. कामाला ना नाही. पण सोसायटीतले निम्मे लोक आणि क्लासची अख्खी बॅच तिथेच येते. टोपी घालून "सोबत फ्राइज देऊ का?" विचारायचं आणि समोर तळमजल्यावरच्या काकू, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. नाशिकरोडची शाखा मागून घ्यावी का?

रोस्टरवाला:
नाशिकरोड विसर. ११ ची शिफ्ट ११ ला सुटत नाही. फ्रायर बंद करणं, फरशी, कचरा, गल्ला मोजणं यात बारा सहज वाजतात. तेव्हा सिटीलिंकची बस नसते आणि नऊ-दहा किलोमीटर रिक्षाने रोज गेलास तर दिवसाची कमाई रिक्षावालाच नेईल. लाजेपायी एवढी किंमत मोजू नकोस.

त्यापेक्षा रुजू होताना मॅनेजरला सरळ सांग, "पहिले दोन आठवडे किचनमध्ये द्या, मग काउंटर शिकतो." नव्या माणसाला बहुतेक वेळा फ्राइज किंवा असेंब्लीवरच (बर्गर जुळवायला) टाकतात, त्यामुळे ही मागणी कुणाला वावगी वाटत नाही. कारण सांगत बसू नकोस. युनिफॉर्म बॅगेत ने आणि तिथेच बदल. यात लपवाछपवी नाही, रस्त्यावरच्या धुळीने माखलेले कपडे किचनमध्ये आणायचेच नसतात.

तेलतवंग:
किचनमध्ये कायम लपता येणार नाही, हेही सांगून ठेवतो. शनिवारी रात्री गर्दी झाली की ज्याला जमेल त्याला पुढे ओढतात.

खरी गडबड लाज वाटण्याने होत नाही, लाजेपायी केलेल्या घाईने होते. ओळखीचा चेहरा दिसला की नवा मुलगा मान खाली घालतो, पुटपुटतो आणि ऑर्डर परत वाचून दाखवत नाही. मग शाकाहारी काकूंच्या ट्रेमध्ये चिकन जातं, आणि ते सोसायटीत सहा महिने चघळलं जातं. म्हणून ओळखीच्यांची ऑर्डर मुद्दाम मोठ्याने वाच: "दोन व्हेज, एक चिकन, चिकन वेगळ्या पिशवीत." बऱ्याच चेनमध्ये व्हेज आणि नॉनव्हेजची टेबलं, भांडी वेगळी असतात, तरी पॅक करताना घोळ होतोच.

पैशांचंही तेच. ५०० ची नोट मिळाली की सुटे परत देईपर्यंत ती खणाच्या वर आडवी ठेव, नाहीतर "मी दोन हजार दिले होते" म्हणणारा भेटतोच (हो, अजूनही). यूपीआयला मशीनवर पावती येईपर्यंत ट्रे सोडू नकोस. "झालंय रे, बघ ना" म्हणून फोन नाचवणारा बॅचमेटच असतो.

पेरूची_फोड:
सगळ्यात अवघड प्रसंग राहिला, फुकट मागणारे. "एक्स्ट्रा चीज टाक ना, तू आहेस ना आत!" यावर एकच वाक्य पाठ कर: "बिलाशिवाय चीजचा तुकडाही निघत नाही, स्टॉकमध्ये कमी दिसतो." हे खरंच आहे. चीजच्या चकत्या, पॅटी, पाव रोज मोजले जातात. स्वतःची स्टाफ सवलतही मित्रांच्या बिलावर लावू नकोस, नोकरी जाण्याचं हे नेहमीचं कारण. बिलिंग मशीनचं आपलं लॉगिन कुणाला वापरायला देऊ नकोस.

कागदपत्रं:
लाजेच्या नादात खऱ्या गोष्टी विचारायच्या राहतात. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार किती, ते बघ. तो ८,००० असेल तर पीएफचे १२ टक्के, म्हणजे ९६० रुपये कापले जातील आणि तेवढीच रक्कम कंपनीने भरायची. त्यातला काही भाग पेन्शन खात्यात जातो. ईएसआयसीचे (कर्मचारी आरोग्य विमा) ०.७५ टक्के एकूण पगारावर, म्हणजे तो ९,००० असेल तर ६८ रुपये. कापलेले पैसे भरले जातात का, ते यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) घेऊन पीएफच्या पासबुकात दर महिन्याला पाहा, आणि पुढच्या नोकरीत तोच यूएएन दे. ११ नंतरचा वेळ हजेरीच्या पंचिंगमध्ये धरतात का, हेही आधीच विचार. कायद्याचा दुप्पट दर कामाच्या तासांची ठरलेली मर्यादा ओलांडल्यावरच लागतो, पण जास्तीच्या वेळेचा साधा पगारही पंचच झालं नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

अन्न हाताळणाऱ्यांना वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते, शिवाय टायफॉइडची लसही लागते. खर्च कोण करणार, तेही विचारून घे.

कॉलेजरोडकर:
नाशिकरोड रद्द. किचनचंच विचारतो. फ्रायरला मात्र भीती वाटते.

तेलतवंग:
बास्केट अर्धीच भर. फ्रीजरमधून उणे १८ अंशाला आलेल्या फ्राइज १७० च्या तेलात कोंबल्या की तेल थंड पडतं, फ्राइज तेलकट आणि मऊ होतात, शिवाय बर्फाचा चुरा तळाशी असला तर तेल उसळून वर येतं. म्हणून बास्केट आधी झटक, मग हळू सोड आणि अर्ध्या मिनिटाने एकदा हलव, नाहीतर गड्डा बनतो. मीठ फ्रायरवर धरून टाकू नकोस, तेल लवकर काळं पडतं. बुटांचा तळ न घसरणारा हवा. कॉलेजचे कॅनव्हास शूज त्या तेलकट फरशीवर चालणार नाहीत.

भाजलं तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धर. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. आणि मॅनेजरकडून अपघाताच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी नोंद करून घे.